होडीच्या ट्रान्सममधून पाणी येतंय: गळती शोधण्यापासून सील बसवण्यापर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रान्सम असेंब्ली म्हणजे नेमका कोणता भाग?

ट्रान्सम म्हणजे होडीची मागची उभी, सपाट भिंत. स्टर्नड्राइव्ह होडीत इंजिन या भिंतीच्या आत असतं आणि पंखा फिरवणारा ड्राइव्ह बाहेर. दोघांना जोडायला भिंतीत कुलपाच्या भोकाच्या आकाराचं मोठं छिद्र असतं. त्या छिद्राच्या बाहेरून अॅल्युमिनियमचं गिंबल हाउसिंग बसतं, आतून आतली प्लेट बसते, आणि बोल्ट या दोघांमध्ये भिंतीला चिमटीत धरतात. हाउसिंग आणि भिंत यांच्यामध्ये जाड रबरी सील असतं. हा सगळा संच म्हणजे ट्रान्सम असेंब्ली. यातला बराचसा भाग पाण्याच्या पातळीखाली असतो, म्हणून इथली गळती गंभीर.

आउटबोर्ड होडीत हे मोठं छिद्र नसतं. तिथे इंजिन थेट भिंतीवर बोल्टने कसलेलं असतं आणि प्रश्न बोल्टच्या भोकांचा असतो. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

थोडंसंच पाणी येतं. पंप ते काढतो. चालेल ना?

चालणार नाही. पाण्याखाली ३० सेंमी खोलीवर फक्त ३ मिमी व्यासाचं भोक असेल, तर त्यातून मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त पाणी आत येतं. चोवीस तासांचा हिशेब केला तर आठशे-नऊशे लिटर होतात. भोक २५ मिमीचं झालं, तर मिनिटाला साधारण ४० लिटर. बिल्ज म्हणजे होडीच्या तळाची, पाणी साचण्याची जागा. ती उपसणारा बिल्ज पंप बॅटरीवर चालतो आणि बॅटरी संपते. धक्क्याला बांधलेल्या होड्या रात्रीत बुडतात त्या बहुधा अशाच: गळती लहान, पंप चालू, आणि पहाटे बॅटरी रिकामी.

दुसरं नुकसान पंपाला दिसतच नाही. फायबरग्लासच्या बहुतेक होड्यांच्या ट्रान्सममध्ये दोन थरांच्या मध्ये प्लायवूड असतं. आत आलेलं पाणी बिल्जमध्ये उतरण्याआधी त्या लाकडात मुरतं. पंपाने उपसलेलं पाणी दिसतं, मुरलेलं दिसत नाही. लाकूड कुजलं की बोल्टना धरायला काही उरत नाही, बोल्ट सैल होतात, सीलवरचा दाब कमी होतो आणि पाणी आणखी येतं.

पाणी आलं म्हणजे ट्रान्सम सीलच गेलं असणार, बरोबर?

बहुतेक वेळा नाही, आणि याच गैरसमजापायी लोक विनाकारण इंजिन उतरवतात. हाउसिंगमागचं रबरी सील सगळ्या बाजूंनी दाबलेलं असतं, हलत नाही, त्यावर ऊनही पडत नाही. भिंत सपाट आणि घट्ट असेल तर ते वर्षानुवर्षं टिकतं. मी आधी इतर जागा पाहतो, साधारण या क्रमाने: यू-जॉइंट बेलोज, शिफ्ट केबलचा बेलोज, ड्राइव्हकडून येणारी पाण्याची नळी आणि तिचा जोड, तळाचा ड्रेन प्लग व त्याची नळी, ट्रिम टॅब (मागच्या कडेच्या समतोलपट्ट्या), खोली मोजणारा ट्रान्सड्यूसर आणि पोहण्याच्या फळीचे स्क्रू, आणि शेवटी ट्रान्सम सील.

यू-जॉइंट बेलोज म्हणजे घड्यांची रबरी बाही. ड्राइव्ह वर-खाली होताना आणि वळताना ती सतत वाकत असते. घडीच्या तळाशी चीर पडली की पाणी थेट ड्राइव्हचा दांडा पेलणाऱ्या गिंबल बेअरिंगपर्यंत पोचतं आणि तिथून आत. वळण घेताना मागून घरघर ऐकू यायला लागली असेल, तर बेअरिंगला पाणी लागून गंज चढल्याची ती खूण असू शकते. एक्झॉस्ट बेलोज फाटला तर मात्र होडीत सहसा पाणी येत नाही, कारण त्या वाटेत पाणी मुळात असतंच. तरी तोही बदलावा, पण घाबरून नव्हे.

मग गळती नेमकी कुठून आहे हे कसं शोधायचं?

घाई न करता. पूर्ण कामातला सर्वांत मोलाचा वेळ हाच, आणि तो वाचवणारे लोक पुढे तिप्पट वेळ घालवतात.

आधी बिल्ज उपसून कापडाने कोरडं करा. तेल, चिखल, जुना गाळ सगळं पुसा, नाहीतर थेंबाचा माग दिसत नाही. मग एक प्रश्न विचारा: पाणी होडी उभी असताना येतं, की इंजिन चालू असतानाच? उभ्या होडीत येत असेल तर बेलोज, सील, ड्रेन किंवा पाण्याखालचा एखादा स्क्रू. फक्त इंजिन चालू असताना येत असेल तर थंड पाण्याच्या नळ्या, पंप, एक्झॉस्टचे जोड. वेगात असताना किंवा मागे जाताना येत असेल तर पाण्याच्या पातळीच्या वरची भोकं पाहा. एरवी ती कोरडी असतात, पण होडीची शेपूट खाली बसली की पाण्यात जातात.

होडी पाण्यात असताना कोरड्या केलेल्या भागावर टाल्कम पावडर भुरभुरवा, किंवा संशयाच्या प्रत्येक जोडाखाली टिश्यू कागद ठेवा. पाण्याचा माग पावडरीत रेघ काढून दाखवतो. टॉर्च आणि छोटा आरसा जवळ ठेवा, कारण इंजिनमागे डोकं जात नाही.

उलटी चाचणीही करता येते: होडी ट्रेलरवर असताना बिल्जमध्ये पाणी भरायचं आणि बाहेरून कुठे थेंब येतो ते पाहायचं. पाण्यात थोडा रंग टाकला तर थेंब ओळखणं सोपं. पण दोन गोष्टी पाळा. एक लिटर म्हणजे एक किलो, तेव्हा ट्रेलरची क्षमता लक्षात ठेवा. आणि पाणी स्टार्टर किंवा फ्लायव्हीलपर्यंत चढू देऊ नका.

बेलोज पाहताना ड्राइव्ह पूर्ण वर उचला, मग एका बाजूला आणि नंतर दुसऱ्या बाजूला वळवा आणि प्रत्येक घडी बोटाने उघडून तळाशी टॉर्च मारा. घडी मिटलेली असताना चीर कधीच दिसत नाही. उचललेल्या ड्राइव्हखाली हात घालण्याआधी त्याला पक्का आधार द्या. फक्त हायड्रॉलिकवर विसंबू नका.

आतून सीलंटचा जाड थर मारला तर काम होईल का?

नाही. याबाबतीत माझं मत अगदी ठाम आहे. आतून मारलेल्या थरावर पाणी मागून दाबतं, त्यामुळे तो सुटण्याचीच शक्यता जास्त. समजा नाही सुटला, तर त्याहून वाईट: बाहेरून शिरलेल्या पाण्याची बिल्जकडे जाणारी वाट बंद होते आणि ते प्लायवूडमध्ये साचून राहतं. बिल्ज कोरडं दिसतं, मालक निर्धास्त होतो, आणि भिंत आतून कुजत राहते. मी उघडलेल्या एका होडीत आतल्या प्लेटभोवती सीलंटचे तीन वेगवेगळ्या रंगांचे थर होते. त्यामागचं लाकूड बोटांनी निघत होतं.

पाणी जिथून शिरतं तिथेच, म्हणजे बाहेरच्या बाजूला अडवायचं. आतली बाजू उघडी ठेवली तर उद्या पुन्हा गळती झाली तरी ती लगेच दिसते.

ट्रान्समचं लाकूड कुजलंय का, हे न तोडता कळतं का?

बऱ्यापैकी कळतं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने किंवा प्लास्टिकच्या हातोडीने भिंतीवर इंचाइंचाला ठोका. चांगलं लाकूड टणक, स्पष्ट आवाज देतं, कुजलेलं बद्द. ड्राइव्हच्या भोवती आणि खालच्या कोपऱ्यांत जास्त लक्ष द्या, पाणी तिथेच साचतं. मग ड्राइव्ह धरून वर-खाली हलवा आणि दुसऱ्या माणसाला भिंतीकडे पाहायला सांगा. भिंत हलताना दिसली, किंवा हाउसिंगच्या कडेला फट उघडून मिटली, तर सील बदलून काही होणार नाही.

खात्री करायची असेल तर आतून, खालच्या भागात ३ मिमीचं ड्रिल घाला, बाहेरच्या थरापर्यंत न जाता. भुसा पांढरट आणि कोरडा आला तर ठीक. काळपट, ओला, आंबूस वासाचा लगदा आला तर उत्तर मिळालं. भोकं नंतर इपॉक्सीने (दोन भाग मिसळल्यावर कडक होणाऱ्या रेझिनने) भरा. पाहून झालं म्हणून तशीच सोडलेली भोकं म्हणजे पाण्याला नवी वाट.

पातळ इपॉक्सी ओतून कुजलेलं लाकूड पुन्हा मजबूत होतं, असं बरेच जण सांगतात. ते कडक होतं, पण इंजिनाचा जोर पेलण्याइतकी ताकद येत नाही. कुजलेला गाभा काढूनच टाकावा लागतो.

ट्रान्सम सील बदलायचंच असेल तर इंजिन काढावं लागतं का?

हो. बहुतेक स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिनाचे मागचे आधार आतल्या प्लेटवरच टेकलेले असतात, आणि प्लेटचे नट इंजिनामागे लपलेले. ड्राइव्ह, मग इंजिन, मग संच, असाच क्रम. म्हणून एकदा उघडलंच तर बेलोज, गिंबल बेअरिंग, पाण्याची नळी आणि शिफ्ट केबल हेही त्याच वेळी बदला. हे भाग वाचवून पुढच्या वर्षी पुन्हा तेवढंच खोलायचं, यात काही शहाणपणा नाही.

जुना संच निघाल्यावर भिंतीची तयारी कशी करायची?

सगळ्या कामाचं यश इथे ठरतं. नवं सील कितीही चांगलं असलं तरी खडबडीत, वाकड्या किंवा ओल्या भिंतीवर ते बसत नाही.

पहिली गोष्ट भिंतीतल्या मोठ्या छिद्राची कड. कारखान्यातून निघालेल्या कित्येक होड्यांमध्ये इथे प्लायवूडची कापलेली कड उघडीच असते. लाकडाच्या उभ्या रेषा नळीसारखं पाणी ओढून घेतात. कड पूर्ण वाळू द्या. आर्द्रतामापक असेल तर १२ ते १५ टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत थांबा. हीटर आणि पंखा लावून याला दिवस नव्हे, कधी कधी आठवडे लागतात. मग पातळ इपॉक्सीचा हात द्या, लाकूड ते पिऊन टाकेल. वरून आणखी दोन हात द्या. बोल्टच्या प्रत्येक भोकाच्या आतही हेच करा. जुन्या कामावर पॉलिएस्टर रेझिनपेक्षा इपॉक्सी कितीतरी चांगली पकड धरते, म्हणून इथे पैसे वाचवू नका.

दुसरी गोष्ट सपाटपणा आणि जाडी. सरळपट्टी उभी, आडवी आणि तिरपी धरून फट पाहा. सील बसण्याच्या पट्ट्यात जेलकोटचे (फायबरग्लासवरच्या गुळगुळीत बाहेरच्या थराचे) फुगवटे, रंगाचे जुने थर किंवा सीलंटचे अवशेष असतील तर घासून काढा. मर्क्रूझर या स्टर्नड्राइव्ह ब्रँडच्या संचांसाठी भिंतीची जाडी ५१ ते ५७ मिमी लागते आणि आतली-बाहेरची पातळी एकमेकांना समांतर असावी लागते. एका बाजूला जाडी जास्त भरली तर बोल्ट कितीही कसा, सील एकीकडे दाबलं जातं आणि दुसरीकडे सैल राहतं. भिंतीचा गाभा नवा बसवताना हे माप कागदावर लिहून समोर लावून ठेवा.

तिसरी गोष्ट हाउसिंग स्वतः. सील बसण्याच्या खाचेत पांढरी भुकटी किंवा खड्डे असतील तर ती अॅल्युमिनियमची झीज आहे. उथळ असेल तर साफ करून रंगवता येते. खड्डा सीलच्या रेषेलाच छेदत असेल तर हाउसिंग बदला.

सीलसोबत सीलंटही लावू का?

यावर कारागिरांमध्ये जुना वाद आहे. निर्मात्यांची रीत साधी आहे: सील हाउसिंगच्या खाचेत बेलोजच्या गोंदाने चिकटवायचं, म्हणजे बसवताना ते सरकत नाही, आणि भिंतीच्या बाजूला काही लावायचं नाही. रबर दाबानेच पाणी अडवतं. भिंत नीट केली असेल तर मी याच रीतीने जातो. पृष्ठभागात न निघणारी बारीक खोट असेल तर काढता येणाऱ्या सीलंटचा पातळ थर चालतो. सीलला मात्र ग्रीस किंवा तेल लावू नका.

कोणतं सीलंट कुठे वापरायचं?

पॉलियुरेथेन चिकटतं आणि सीलही करतं. त्यातला थ्रीएम ५२०० हा कायमचा गोंद आहे. त्याने बसवलेली वस्तू काढताना जेलकोटही उखडून येतो, तेव्हा जे पुढे कधीतरी खोलायचं आहे त्याला तो लावू नका. हाउसिंगला तर मुळीच नको. थ्रीएम ४२०० त्याच जातीचा, पण काढता येण्याजोगा. बोल्ट, स्क्रू, ड्रेनची नळी यांना तो पुरतो. पॉलिसल्फाइड पाण्याखाली उत्तम टिकतं, लवचिक राहतं आणि पुन्हा काढता येतं, पण अॅक्रिलिक, पॉलिकार्बोनेट अशा प्लास्टिकला ते खराब करतं. ब्युटिल टेप (चिकट, मऊ रबरी पट्टी) फक्त पाण्याच्या पातळीच्या वरच्या वस्तूंना.

सिलिकॉन इथे नको. त्याचा अदृश्य थर पृष्ठभागावर राहून जातो आणि त्यावर पुढे ना रंग चिकटतो, ना इपॉक्सी. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन घट्ट होताना आम्ल सोडतं आणि ते अॅल्युमिनियमला खातं.

सीलंट गुळगुळीत करायला पुष्कळ जण स्पिरिट वापरतात. पॉलियुरेथेनवर ते चालत नाही, अल्कोहोलमुळे ते घट्टच होत नाही. सीलंट लावण्याआधी पृष्ठभाग असिटोनने पुसा आणि पूर्ण उडून जाऊ द्या.

बोल्ट किती कसायचे?

तुमच्या मॉडेलच्या माहितीपुस्तकात असेल तेवढेच, टॉर्क पान्याने. कित्येक मर्क्रूझर संचांसाठी हा आकडा २० ते २५ पाउंड-फूट, म्हणजे साधारण २७ ते ३४ न्यूटन-मीटर आहे. ऐकताना कमी वाटतो आणि म्हणूनच लोक जास्त कसतात. जास्त कसल्याने प्लायवूड चेपतं, भिंत आत वाकते आणि सील मधोमध सैल पडतं. समोरासमोरचे नट आळीपाळीने, दोन-तीन फेऱ्यांत कसा.

आउटबोर्डच्या बोल्टची भोकं कशी सील करायची?

सर्वसाधारण मोठ्या आउटबोर्डला अर्ध्या इंचाचे चार बोल्ट असतात. खालची जोडी पाण्याच्या अगदी जवळ असते आणि गळतीची सुरुवात बहुधा तिथेच होते.

टिकाऊ उपाय असा: भोक बोल्टपेक्षा मोठं पाडा, सैल लाकूड काढा, वाळवा, आतून पातळ इपॉक्सी लावा आणि मग सिलिका पावडर घालून लांबीसारखी घट्ट केलेली इपॉक्सी ठासून भरा. ती कडक झाली की मधोमध बोल्टच्या मापाचं भोक पाडा. आता बोल्टभोवती इपॉक्सीची नळी आहे. सीलंट उद्या हरलं तरी पाणी लाकडाला लागत नाही. या पद्धतीत वेळ जातो, पण भिंतीला स्पर्श करणाऱ्या प्रत्येक स्क्रूसाठी ती वापरावी, असं मला मनापासून वाटतं. ट्रान्सड्यूसरच्या दोन फुटकळ स्क्रूंनी आख्खी भिंत कुजवलेली मी पाहिली आहे.

बसवताना भोकाच्या बाहेरच्या तोंडाची कड थोडी तिरपी करा. त्या खोबणीत साचलेलं सीलंट बोल्टभोवती रिंगसारखं काम करतं. सीलंट बोल्टच्या दांड्याला आणि डोक्याखाली लावा, आत रुंद वॉशर घाला. कसताना बोल्टचं डोकं स्थिर धरा आणि आतून फक्त नट फिरवा. डोकं फिरलं की सीलंटची रिंग तुटते.

आधी हलकं कसून, सीलंट वाळल्यावर पूर्ण कसावं असंही सांगतात. वजनदार इंजिनासाठी मला ते पटत नाही. सीलंट ओलं असतानाच पूर्ण कसा, बाहेर आलेलं पुसून घ्या आणि मग हात लावू नका.

ड्रेन प्लगची नळी?

पितळी नळी असेल तर खाऱ्या पाण्यात तिच्यातलं जस्त निघून जातं, ती गुलाबी आणि ठिसूळ होते आणि आत चीर पडते. ही चीर भिंतीच्या मधोमध, लाकडातच असते, त्यामुळे दिसत नाही. संशय आला तर सरळ नवी बसवा आणि आधी भोकाच्या लाकडाला इपॉक्सी द्या. प्लगच्या ओ-रिंगवरही नजर असू द्या.

अॅल्युमिनियमच्या होडीत काही वेगळं?

गाभा बहुधा प्लायवूडचाच असतो. तांब्याचं रसायन मुरवलेलं टिकाऊ प्लायवूड मात्र वापरू नका, ओल लागली की ते अॅल्युमिनियम खातं. तळाला लावायचा तांबेयुक्त रंगही हाउसिंगवर आणि त्याच्या लगतच्या पट्ट्यात नको, कारण तोच.

इंजिन परत बसवल्यावर अलाइनमेंट खरंच तपासायला हवं का?

हो, न चुकता. अलाइनमेंट बार, म्हणजे इंजिन आणि ड्राइव्ह एका रेषेत आहेत का ते पाहायचा दांडा, गिंबल बेअरिंगमधून कपलरमध्ये (इंजिनामागच्या जोडात) दोन बोटांच्या जोराने गेला पाहिजे. बारच्या दातांना ग्रीस लावा, आत घालून बाहेर काढा. ग्रीसवर उमटलेले ठसे सगळीकडून सारखे असावेत. नसतील तर पुढचे आधार वर-खाली करा. इथे केलेली चूक बेअरिंग आणि कपलर दोन्ही खाते.

सीलंट लावल्यावर होडी पाण्यात कधी उतरवायची?

डबीवर लिहिलेल्या वेळेआधी नाही. ५२०० च्या साध्या प्रकाराला पूर्ण घट्ट व्हायला ५ ते ७ दिवस लागतात. पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं, त्यामुळे थंड, कोरड्या हवेत आणखी थांबावं लागतं.

पहिल्यांदा उतरवताना होडी ट्रेलरवरून सोडू नका. मागचा भाग पाण्यात जाऊ द्या आणि पंधरा मिनिटं आत टॉर्च मारत बसा. सगळं कोरडं असेल तर इंजिन चालू करा, पुन्हा पाहा. मग थोडं चालवा, दोन्ही बाजूंना वळा, मागे या, पुन्हा पाहा. पहिली रात्र होडी एकटी पाण्यात ठेवू नका.

पुढे देखभाल काय करायची?

बेलोज दरवर्षी घडी उघडून पाहा आणि चीर दिसायची वाट न पाहता निर्मात्याने सांगितलेल्या मुदतीत बदला. होडी ठेवताना ड्राइव्ह खाली सोडा. वर उचललेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने राहिला तर बेलोजच्या घड्या ताणलेल्या राहतात आणि तिथेच तडकतात. अॅनोड, म्हणजे ड्राइव्हऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा, पाण्यानुसार निवडा: खाऱ्या पाण्यात जस्ताचा किंवा अॅल्युमिनियमचा, निमखाऱ्यात अॅल्युमिनियमचा, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा. अर्धा झिजला की बदला. आणि भिंतीवर नवी वस्तू बसवायची झाली, तर आधी पाहा की ती आधीच्याच भोकांवर किंवा चिकटवलेल्या पट्टीवर बसते का.